सावर-अंक

रविवारी दुपारी ऋजुताने दोन लेझमींच्या दांड्यांवरच्या फिती सोडल्या आणि त्यांची अदलाबदल केली. नारिंगी फीत तिची, निळी त्रिशलाअक्कांची. काम दोन मिनिटांचं. पण गाठ मारताना ती दुसऱ्याच्या कपाटाचं कुलूप काढत असल्यासारखी पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती.

साडेचार महिन्यांची चिमी पाळण्यात झोपली होती. ऋजुता तिचे श्वास मोजत होती. मिनिटाला छत्तीस. बाळंतपणानंतर लागलेली ही सवय. भाजी चिरताना, केस विंचरताना, कुणाशी बोलतानाही तिचा एक कान पाळण्यात असायचा आणि मनात आकडे चालू असायचे.

बाहेरच्या खोलीत अक्का आल्याची चाहूल लागली. त्रिशलाअक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. मगदुमांच्या घरातला सगळा हशा अक्कांच्या जिवावर चालायचा. सासूबाई तर म्हणायच्या, "ही माहेरी गेली की घरातला रेडिओ बंद पडल्यासारखं होतंय."

"काय करायलीस गं?" अक्कांनी दारातून डोकावून विचारलं.

"लेझमी पुसत होते. गंज धरला होता चकत्यांना."

"माझीबी पुसलीस? शाणी माझी बाई ती!"

अक्का हसत आत गेल्या. ऋजुताने दोन्ही लेझमी भिंतीला टेकवून ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून बसली.

*

ही लेझीम साधी नव्हती. मिरजेत त्या वर्षी बाळंतिणींसाठी सुरू झालेल्या योजनेत प्रत्येकीला ती मिळाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच वाजता नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर खेळायचं. शिकवायला कोळेकर सर, रिटायर झालेले पीटीचे मास्तर. हलगीवर त्यांचा पुतण्या. आणि कडेला टॅब घेऊन बसलेल्या आरोग्य केंद्राच्या नसीम सिस्टर.

त्यामागचं शास्त्र सिस्टरनी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेऊन समजावलं होतं. दहा जणी एका ठेक्यावर टाळी वाजवतात, तेव्हा दहा टाळ्या कधीच एका क्षणाला पडत नाहीत. सेकंदाचे हजार तुकडे केले, तर कुणी तीस तुकडे पुढे असते, कुणी चाळीस मागे. कानाला हे कळत नाही. मेंदूला कळतं, आणि पुढच्या ठोक्याला तो हात जरासा ओढून घेतो. ठेच लागल्यावर माणूस पडायच्या आत सावरतो, तसं. प्रत्येक ठोक्याला चुकायचं, प्रत्येक ठोक्याला सावरायचं, आणि हे सगळं आपल्या नकळत.

संशोधकांना असं दिसलं, की मन खचायला लागलं की सगळ्यात आधी हे सावरणं मंदावतं. रडू यायच्या आधी, झोप उडायच्या आधी, त्या माणसाला स्वतःला काही कळायच्या तीन-चार आठवडे आधी. चुका सगळ्यांइतक्याच होतात, पण मागे पडलेला हात मागेच राहतो. लेझमीच्या दांडीतल्या शेंगदाण्याएवढ्या यंत्राला एवढंच मोजायचं होतं. त्याला म्हणायचे सावर-अंक. हिरवा, पिवळा, लाल.

"आणि गंमत बघा," सिस्टर म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याबरोबर नाचून नाचून तेच सावरणं परत बळकट होतंय. ज्या थर्मामीटरनं ताप मोजला, त्यानंच उतरवला असं समजा."

फक्त एक अट होती. नाच जोडीने करायचा. रेकॉर्डवरच्या ठेक्याशी मेंदू असा वागत नाही. समोर चुकणारं, सावरणारं जिवंत माणूस लागतं. म्हणून प्रत्येक बाळंतिणीने घरातली एक बाई आणायची. तिला सोबतीण म्हणायचे. सोबतिणीच्या लेझमीतही यंत्र असे, पण ते फक्त तुलनेसाठी. तिचा रंग कुणाला दिसत नसे. ती धडधाकट आहे हे धरूनच चाललेलं.

ऋजुता मायक्रोबायॉलॉजीची एमेस्सी. दूध संघाच्या लॅबमध्ये नोकरी, सध्या रजेवर. हे सगळं तिला इतर बायकांपेक्षा जास्त समजलं होतं आणि म्हणूनच ती जास्त घाबरली होती. तिचा अंक तीन आठवडे पिवळा येत होता. चौथ्या आठवड्यात पिवळ्याचा लाल होतो, हे तिला ठाऊक होतं. लाल म्हणजे औषधं; त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण लाल म्हणजे एकवीस दिवस बाळाला आईजवळ एकटं ठेवायचं नाही. शेजारच्या गल्लीतल्या एकीला लाल आला, तेव्हा बायका दळणाच्या रांगेत कुजबुजल्या होत्या, "ती लाल झाली म्हणे." चार शब्द. ऋजुता पीठ न घेताच घरी आली होती.

आणि रात्रंदिवस मोजत बसणारी, दाराची कडी तीनदा बघणारी, स्वप्नात बाळ हरवणारी बाई लाल होणार नाही तर कोण होणार? स्वतःबद्दल तिला शंकाच उरली नव्हती. अक्का मात्र लेझमीत अशा रंगायच्या, की कोळेकर सर त्यांचं उदाहरण द्यायचे. अक्कांच्या हाताने थोडा हिरवा रंग आपल्या नावावर जमा झाला, तर कुणाचं काय बिघडतंय? सोबतिणीचं कुणी बघतच नाही.

*

सोमवारी मैदानावर अक्कांनी निळ्या फितीची, म्हणजे खरं तर ऋजुताची, लेझीम उचलली आणि हातात खेळवून बघितली.

"आज ही हलकी लागायलीय गं."

ऋजुता आपल्या हातातली नारिंगी फीत घट्ट करू लागली. "पुसली ना काल. गंज गेला."

"गंजाला एवढं वजन? मग मलाबी एकदा पुसून काढ की. पाच किलो तरी जातील."

शेजारच्या बायका खिदळल्या. कोळेकर सरांनी शिट्टी मारली. "मगदूम वहिनी, भाषण नंतर! पवित्रा घ्या!"

हलगी कडाडली. वीस लेझमी एकदम खणखणल्या. खाली, समोर, उजवीकडे, डोक्यावर. समोरासमोर उभ्या राहून जावा-जावा, मायलेकी, नणंदा-भावजया झुकत होत्या, उठत होत्या. ऋजुताची नजर अक्कांच्या हातावर होती. तो हात तिला नेहमीसारखाच वाटला, मोकळा, ऐटदार. आठवड्याच्या शेवटी माझ्या नावापुढे हिरवा रंग लागेल, असा विचार करत तिने उडी मारली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला थोडं हलकं वाटलं.

शनिवारी सकाळी फोन वाजला. अंक आला होता.

लाल.

ऋजुता स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. दूध उतू जाईल म्हणून तिने गॅस बारीक केला. मग फोन पुन्हा बघितला. पहिल्या क्षणी तिला वाटलं, यंत्राने आपल्याला पकडलंच, कुणाच्याही हातात दिलं तरी. आणि दुसऱ्या क्षणी आठवलं. आठवडाभर ते यंत्र आपल्या हातात नव्हतंच.

मग लाल कोण?

मागे अक्का सासूबाईंना काहीतरी सांगत होत्या आणि सासूबाई पोट धरून हसत होत्या. ऋजुताने मागे वळून बघितलं नाही. लेझमीचं वजन वेगळं होतं, ती मनाशी म्हणाली. हाताला सवय नव्हती. म्हणून झालं असेल. हे कारण तिनेच शोधलं आणि तिनेच मान्य केलं. एमेस्सीच्या परीक्षेत कुणी असलं उत्तर लिहिलं असतं, तर तिने शून्य दिलं असतं.

अकरा वाजता नसीम सिस्टर घरी आल्या. चहा घेतला, ऋजुताचा हात हातात घेतला.

"घाबरायचं नाही हं. लवकर कळलं हे बरं झालं. गोळ्या अगदी हलक्या आहेत, अंगावर पाजायला चालतंय. फक्त एकवीस दिवस बाळाचं बघणं दुसऱ्या कुणाकडं. नियमानं सोबतिणीकडं."

"म्हणजे माझ्याकडं," अक्का म्हणाल्या. "आण गं चिमाबाईला. चला, आजपासून तुमची बदली झाली आमच्या डिपार्टमेंटला."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी म्हणतच होते, ही पोरगी सारखी मोजत काय बसतीय."

बोलायचं असेल तर आत्ता, ऋजुताला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. सिस्टर, लेझमी बदलल्या होत्या, मीच बदलल्या. पण ते वाक्य उच्चारलं की ती फसवणूक करणारी आई ठरणार होती. आणि कोण विश्वास ठेवणार? अक्का? ह्या अक्का? सगळे हसले असते, सगळ्यात मोठ्यांदा अक्काच.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती तिला नंतर आठवली, तेव्हा तिने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. लाल मी नाही, हे कळल्यावर तिला बरं वाटलं होतं. छान, मोकळं, थंड पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं होतं.

तिने चिमीचं दुपटं नीट केलं आणि तिला अक्कांच्या हातात दिलं. अक्का चिमीला खांद्यावर टाकून आपल्या खोलीत गेल्या.

*

रविवारी तिने फिती पुन्हा जागच्या जागी बांधल्या. नारिंगी नारिंगीला, निळी निळीला. आता सगळं होतं तसं झालं, असं तिने ठरवलं. लाल आलेल्या बाईचा अंक शनिवारची वाट न बघता प्रत्येक खेळानंतर बघत. बुधवारच्या खेळानंतर तिचा अंक लालवरून पिवळ्यावर आला आणि नसीम सिस्टरनी मैदानावरच तिची पाठ थोपटली. "बघितलंस? गोळ्या लागू पडल्या." गोळ्या ऋजुताने घेतल्याच नव्हत्या, त्या तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेल्या होत्या.

त्या दिवसांत तिने अक्कांवर नजर ठेवली. निदान तिला तसं वाटलं. खरं तर ती चिमीवर नजर ठेवून होती. अक्कांच्या मांडीवर चिमी नीट आहे ना, मानेखाली हात आहे ना, दुपटं तोंडावर तर येत नाही ना. अक्कांच्या खोलीच्या दारातून ती दिवसातून वीस वेळा जायची.

"ये की आत," अक्का म्हणायच्या. "चोरासारखी काय फिरतीस? तुझीच पोरगी हाय. मी काय तिला विकायला नेत नाही."

विनोद तेच होते. पण आता ऋजुताच्या लक्षात यायला लागलं, की ते तेच होते. सोमवारी केलेला मंगळवारी, मंगळवारचा पुन्हा बुधवारी, त्याच जागी, त्याच आवाजात. हसणारे हसत होते, म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं.

बुधवारी सकाळी अक्का चहा गाळत होत्या. कप भरला. चहा काठावरून बशीत आला, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून खाली. अक्का बघत होत्या. पातेलं तिरकंच होतं.

"अक्का!"

"हां?" त्यांनी पातेलं सरळ केलं. "सांडला वाटतं."

"लक्ष कुठाय?"

"इथंच हाय की." आणि त्या हसल्या. फरशी पुसायला खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. फडकं हातात, हात चहात.

ऋजुताला सगळं समजलं. इतकं लख्ख समजलं, की फळ्यावर लिहून दाखवता आलं असतं. चुकलेला हात मागे येत नव्हता. त्याच क्षणी चिमी आतून रडली. ऋजुता तिला बघायला गेली, आणि परत आली तेव्हा फरशी स्वच्छ होती, अक्का भाकरी थापत होत्या. आज सांगू, तिने ठरवलं. संध्याकाळी नवरा, सन्मती, कोल्ड स्टोरेजवरून आला की त्याला आधी सांगू. सन्मती सात वाजता आला, बेदाण्याच्या गाड्या अडकल्याबद्दल बोलत जेवला. त्याचा चेहरा दमलेला दिसला. उद्या सांगू.

*

चिमीची आंघोळ दुपारी बाराला, ऊन चढल्यावर. अक्का न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि चिमीला पायांवर पालथी घालायच्या. गच्चीवरच्या सोलरचं पाणी त्या वेळी कढत असे. बादलीत आधी गरम घ्यायचं, मग बाजूच्या घंगाळातलं गार पाणी विसण म्हणून घालायचं, आणि पहिला तांब्या नेहमी स्वतःच्या पायावर. पाणी कसं आहे ते बघायला. मगदुमांच्या घरातली सगळी पोरं अशीच न्हाली होती.

गुरुवारी ऋजुता सवयीने न्हाणीच्या दाराशी आली. दार उघडंच होतं. चिमी अक्कांच्या पायांवर, गुडघ्यांच्या जरा वर, मुठी चोखत पडली होती. कोरडी. अक्कांनी तांब्या भरून आपल्या उजव्या पावलावर ओतला होता. वाफ येत होती. घंगाळातलं पाणी काठोकाठ होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

पाऊल लालबुंद झालं होतं. अक्का त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी दुसरा तांब्या भरला आणि पुन्हा त्याच पावलावर ओतला, जरा वाकून, पाणी कसं आहे याचा अंदाज अजून यायचा असल्यासारखा.

ऋजुता ओरडली की नाही, तिला आठवत नाही. तिने झडप घालून चिमीला उचललं आणि बाहेर पळाली. कपाटापाशी, खिडकीच्या उजेडात तिने चिमीला आडवं केलं. पाठ, पोट, मांड्या, टाचा, बोटांच्या बेचक्या. एकही डाग नव्हता. तिने पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. चिमी आता भोकाड पसरून रडत होती आणि तो आवाज कानाला गोड लागत होता.

त्यानंतर तिला अक्कांची आठवण झाली.

त्या तशाच बसल्या होत्या. पाय लांब, हातात तांब्या. पावलावर एव्हाना फोड धरले होते.

"अक्का, भाजलंय तुम्हाला!"

"भाजलं वाटतं," अक्का म्हणाल्या. "पोरीला लागलं नाही ना?"

*

नसीम सिस्टरनी पट्टी बांधली. सासूबाई उंबऱ्याशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "विसण घालायला विसरली? वीस वर्षं झाली, ही बाई कधी मीठ विसरली नाही!"

"दमल्यात त्या," सिस्टर म्हणाल्या. "बाळाचं, घरचं, सगळं अंगावर पडलंय. ऋजुता, आता तुझा अंकबी सुधारलाय—"

"तो माझा नव्हता."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. ऋजुताने चिमीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. हात रिकामे झाल्यावर बोलणं आणखी अवघड झालं.

"लाल आला तो अंक माझा नव्हता. त्या आठवड्यात मी फिती बदलल्या होत्या. माझी लेझीम अक्कांच्या हातात होती. मला पिवळा येत होता, मला लाल नको होता, म्हणून. नंतर परत बदलल्या. गोळ्या मी घेतल्या नाहीत. लाल अक्का आहेत. शनिवारी कळलं मला."

तिने हे सगळं एका दमात सांगितलं आणि भिंतीकडे बघत राहिली. सासूबाईंचं तोंड उघडंच होतं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तरी लेकरू हिच्यापाशी दिलंस?"

त्यांनी बाळाचं विचारलं. घरातल्या सगळ्यांनी नंतर तेच विचारलं.

सिस्टरनी टॅब उघडला. दोन्ही लेझमींचे सगळे आकडे समोर ठेवून त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तुझा अंक पिवळा का येत होता, सांगू? तू सावरत होतीस. जरा जास्तच सावरत होतीस. पण ज्यांच्याकडं बघून सावरायचं, त्याच रोज थोड्या थोड्या मागं सरकत होत्या. म्हणून तू डळमळीत दिसत होतीस." त्यांनी टॅब मिटला. "दोन महिने हे आमच्याकडं होतं. आम्ही उघडूनच बघितलं नाही. सोबतीण बरी असती, असं धरलं होतं आम्ही."

ऋजुताला असा भागीदार नको होता. कुणी तिच्या चुकीतला वाटा उचलला की ती आणखी उघडी पडत होती. तिने पहिल्यांदा अक्कांकडे बघितलं.

अक्का पलंगावर उशीला टेकून पट्टीकडे बघत होत्या.

"अक्का, माझं चुकलं."

"असू दे."

"अक्का—"

"असू दे गं. कुणाचं काय, कुणाचं काय." आणि त्या काहीतरी विनोद करणार, अशा थाटात त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी तोंड मिटलं. "मलाच कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "दुःख असंबी काही नाही गं. कारण शोधलं मी. सापडतच नाही."

*

अक्कांवर उपचार सुरू झाले. गोळ्या, आठवड्यातून एकदा डॉक्टरांशी बोलणं, आणि पाय भरून आला की लेझीम. योजनेच्या कागदावर पहिल्यांदाच एका सोबतिणीचं नाव बाळंतिणीच्या रकान्यात चढलं. रकाना बदलायला वरून परवानगी आणावी लागली. तुमची सोबतीण कोण, असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "कोण असलं तरी चालतंय."

म्हणून ऋजुताच उभी राहिली.

चार आठवडे ती अक्कांच्या समोर लेझीम खेळली. आता तिच्या मनात श्वासांचे आकडे नसत. हलगीचे ठोके असत आणि अक्कांचा मागे राहणारा हात असे. इतके दिवस हा हात तिला ऐटदार वाटला होता. खाली, समोर, डोक्यावर. ती रोज वाट बघायची, की अक्का तिला काहीतरी बोलतील. घरी ती मुद्दाम त्यांच्या वाटेत यायची. त्यांच्या ताटात वाढायची, पावलाला मलम लावायची, तिथली गुलाबी नवी कातडी बघून जीभ चावायची. अक्का सगळं करून घ्यायच्या. "बरं," म्हणायच्या. "असू दे," म्हणायच्या. शिक्षा मिळावी म्हणून माणूस किती लाचार होतं, हे ऋजुताला त्या महिन्यात कळलं. अक्कांच्या पायाला हात लावून रडावं असं तिला वाटे, आणि मग कळे, की तेही आपण आपल्यासाठीच करणार आहोत.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मैदानावर पोरींचा कबड्डीचा सराव चालला होता, धूळ उडत होती, सरांचा आवाज बसला होता. लेझमी चालू झाल्या. दोन आवर्तनं झाली. तिसऱ्यात ऋजुता झुकून उठली, तर समोरची लेझीम थांबलेली.

अक्का तिच्याकडे बघत होत्या. डोळे बारीक करून, लांबचं काही ओळखत असल्यासारख्या.

"पाच दिवस," अक्का म्हणाल्या.

"काय अक्का?"

"शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. पाच दिवस तुला माहीत होतं."

आजूबाजूच्या दोन-तीन लेझमी अडखळल्या.

"हो."

"दिवसातून वीसदा माझ्या दारात येत होतीस. एकदा तरी विचारलंस, अक्का, तुम्हाला काय होतंय? एकदा? पोरीची मान धरलीय का बघायचीस आणि जायचीस. मला काय, पाळणा समजलीस?"

हलगी थांबली. कोळेकर सरांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरली.

"आणि त्या दिवशी," अक्कांचा आवाज चढत गेला, "पोरीला आधी उचललंस, ते बरोबर. कुणीबी तेच करंल. पण न्हाणीचं दार उघडं होतं, ऋजू. मला दिसत होतं. कपाटापाशी उभी राहून तिला तीनदा उलथीपालथी करून बघितलीस. तीनदा! रडत होती पोरगी धडधाकट, तरी बघत होतीस. मी भाजलेला पाय घेऊन बसले होते, आणि मला वाटत होतं, आता येईल, आता येईल. मी मोजत होते. तुझ्यासारखी!"

ऋजुताची लेझीम खाली आली. तीनदा बघितलं होतं, हे खरं होतं. चौथ्यांदाही बघणार होती.

"बोल की आता! आता का मुकी झालीस?"

मैदानाच्या कडेला नसीम सिस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या. एक बाई अक्कांना धरायला पुढे झाली, तर सिस्टरनी हाताने तिला थांबवलं. टॅब त्यांच्या खुर्चीवर उपडा पडला होता. त्या अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो चेहरा लाल झाला होता, नाकपुड्या फुलल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अक्का ते मनगटाने पुन्हा पुन्हा पुसून काढत होत्या.

"माझ्याकडं काही उत्तर नाही, अक्का," ऋजुता म्हणाली.

"नसंलच. कुठनं असणार!" अक्कांनी नाक ओढलं. सगळीकडे एक नजर टाकली, थांबलेल्या बायकांकडे, उघड्या तोंडांकडे. "आणि तुम्ही काय तमाशा बघायला थांबलाय? सर, वाजवायला सांगा की."

हलगी पुन्हा सुरू झाली. ऋजुताने लेझीम उचलली. आपण समोर उभं राहायचं की निघून जायचं, हे तिला कळत नव्हतं. अक्कांनी जा म्हटलं नाही. थांब असंही म्हटलं नाही. त्यांनी फक्त पवित्रा घेतला आणि पहिल्याच ठोक्याला, रागाच्या भरात, लेझीम इतकी लवकर आणि इतकी जोरात मारली, की या वेळी मागे पडली ती ऋजुता.